छत्री उन्हासाठी की मारण्यासाठी

९ फेब्रुवारी १९५६, गुरुवार. डोंबिवली.

चित्राचं उत्तर आलं. चूक माझीच. मागच्या आठवड्यात परसातलं तांब्याचं घंगाळ गेलं, हे तिला कळवायलाच नको होतं. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान गेलं. मी झोपले नव्हते. डोळे मिटून विचार करत होते.

चित्रा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. पुण्याला असते. लिहिते, "मावशी, आता पुरे झालं. वय सत्तावन्न, घर गावाच्या टोकाला, त्यात एकटी. आज घंगाळ गेलं, उद्या काय जाईल? आमची मागची खोली रिकामीच आहे. घर विकून टाक आणि ये."

मागची खोली! तीस वर्षं मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली शेवटची नऊ सुपरवायझर म्हणून. भल्याभल्या साहेबांना 'होल्ड द लाइन' म्हणून ताटकळत ठेवलं आहे. प्रॉव्हिडंट फंडातून हे घर बांधलं. दोन खोल्या, रस्त्याला लागून ओटा, एक पेरूचं झाड. पेरू आंबट आहेत, पण माझे आहेत.

उलट टपाली करार पाठवला. आजपासून होळीपर्यंत माझ्या घरातून एक वस्तू जरी चोरीला गेली, तर घर विकून पुण्याला येईन. नाही गेली, तर हा विषय चित्राने जन्मात पुन्हा काढायचा नाही. दोन प्रती, सही, तारीख. होळीला ती स्वतः येऊन बघणार आहे. होळी २६ मार्चला. म्हणजे शेहेचाळीस दिवस.

११ फेब्रुवारी, शनिवार.

कल्याणला जाऊन आले. कोर्टाबाहेरच्या रद्दीवाल्याकडे इंडियन पीनल कोड मिळालं. बारा आणे. थोडी वाळवी लागली आहे. घरी येताच वाचायला घेतलं. नव्वद टक्के लोकांना आपले हक्कच ठाऊक नसतात.

कलम ९६: स्वतःच्या बचावासाठी केलेली कोणतीही गोष्ट गुन्हा नाही. कोणतीही! ९७: स्वतःच्या शरीराचाच नव्हे, मालमत्तेचाही बचाव करता येतो. ९८: समोरचा वेडा असला तरीही. त्यानंतर एकदम १०३. मधली पानं वाळवीने खाल्ली आहेत, पण ९८ पर्यंत इतकं स्पष्ट असताना मध्ये वेगळं काय असणार? १०३ तर फारच उत्तम. रात्री घर फोडणाऱ्याचा जीवही घेता येतो.

सखुबाईला वाचून दाखवलं. ही जवळच्या कोपर गावातली. सकाळी माझं भांडी-पाणी करते, मग कमरेचा कोयता काढून कुंपणापलीकडचं गवत कापते. नवरा धाकू मिठागरावर असतो. मला 'तू' म्हणते. गावची रीत आहे म्हणे. सुधारायचा प्रयत्न मी आता सोडला आहे.

सगळं ऐकून तिने विचारलं, "जीव कोनाचा घ्याचा, बाय?" म्हटलं, चोराचा. "आनि घंगाल?"

घंगाळ परत मिळण्याचं कलम अजून सापडलेलं नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार.

संकल्प. यापुढे घरातून निःशस्त्र बाहेर पडायचं नाही. मात्र बंदूक-तलवार असली रानटी हत्यारं वर्ज्य. त्यांना लायसन लागतं. सभ्य स्त्रीजवळ सहज असू शकेल अशीच वस्तू बरोबर ठेवायची. छत्री आहे. अडकित्ता आहे (सुपारी मी खात नाही, पण खाऊ शकते). पावडरच्या जुन्या डब्यात मिरपूड भरली. घरासाठी बाबांची शिसवी काठी, एक मुसळ, मच्छरदाणीचे चार दांडे आणि माझी कॉन्व्हेंटमधली हॉकी स्टिक.

ही स्टिक १९१५ सालची. मी टीममध्ये राखीव होते. मदर आग्नेस म्हणायच्या, विमला ताम्हणेला मैदानात उतरवायची वेळ आमच्यावर कधी येऊच नये. एवढी जपत मला.

आजपासून रोज सकाळी अर्धा तास सराव.

१४ फेब्रुवारी, मंगळवार.

सराव केला. पाठीत उसण भरली. आठवड्यातून दोनदा पुरे.

१८ फेब्रुवारी, शनिवार.

सकाळी टपालकचेरीत जायचं म्हणून आरशासमोर उभी राहिले आणि नेहमीच्या सवयीने डबा उघडून तोंडाला पावडर लावली.

दुपारी ४. आता डोळे उघडतात. सखुबाई विहिरीचं पाणी तोंडावर मारत होती आणि विचारत होती की बाय, चोर कंच्या बाजूने आयला. उत्तर दिलं नाही. बोलताच येत नव्हतं.

पण मिरपूड उत्तम प्रतीची आहे हे सिद्ध झालं. धडा: प्रत्येक हत्याराला लेबल पाहिजे.

२२ फेब्रुवारी, बुधवार.

पहाटे दाराशी हालचाल. कडी वाजली. मी दार किंचित उघडलं आणि फटीतून छत्रीचं टोक सर्व ताकदीनिशी बाहेर खुपसलं. दूधवाला होता. रोज याच वेळी येतो हे खरं, पण कायद्यासमोर सगळे सारखे. त्याला लागलं नाही. दुधाच्या किटलीला पोचा आला. उद्यापासून येणार नाही असं सांगून गेला. जाताना "माताजी" म्हणाला, तेही हात जोडून.

या वयात दूध तसंही बाधतं.

२५ फेब्रुवारी, शनिवार.

लेबलं पूर्ण. जाड पुठ्ठे, काळी शाई, माझं कॉन्व्हेंटचं वळणदार अक्षर, वर सुतळी. इंग्रजीतच लिहिली, कायद्याची भाषा तीच. मच्छरदाणीच्या दांड्यांना 'सिंपल हर्ट'. मुसळ आणि बाबांच्या काठीला 'ग्रीव्हस हर्ट'. छत्रीला 'जनरल'. हॉकी स्टिकला बराच विचार करून 'सेक्शन १०३' लिहिलं.

ऐन वेळी गोंधळ नको. माणसाने गुन्हा बघावा, त्याप्रमाणे लेबल वाचावं आणि हाणावं.

५ मार्च, सोमवार.

ढोलकं वाजलं म्हणून ओट्यावर आले. दवंडी होती. मुंबईत जानेवारीत गोळीबार झाल्यापासून सरकार बिथरलेलं आहेच. आता आपल्याकडेही हुकूम, महिनाअखेरपर्यंत. सार्वजनिक जागी लाठी, काठी, सुरा, भाला, आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी 'अन्य कोणतीही वस्तू' बाळगायची नाही, जमवायची नाही.

अन्य कोणतीही! मी त्या दवंडीवाल्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, तुझं हे ढोलकं डोक्यात घातलं तर इजा होणार नाही का? तो म्हणाला, होईल की. म्हटलं, मग तू हे बाळगून हिंडतोस कसा? तो ढोलकं काखेत घालून फार वेगाने निघून गेला.

माझ्या छत्रीचं काय?

६ मार्च, मंगळवार.

चौकीवर जाऊन आले. तिथले हवालदार पंढरीनाथ साताऱ्याकडचे. माणूस वाईट नाही, पण कायद्याचा अभ्यास नाही. मी विचारलं, छत्री बाळगता येईल का, लेखी उत्तर द्या. म्हणाले, "घ्या की बाई, छत्रीला कोन अडवतंय?" मी म्हटलं, छत्रीने इजा होऊ शकते. मी करून बघितली आहे.

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "बाई, एक सांगा. छत्री उन्हासाठी हाय का मारन्यासाठी? उन्हासाठी असंल तर खुशाल घ्या. मारन्यासाठी असंल तर मला जप्त करावी लागंल. तुमी सांगाल ते खरं."

इथे पंचाईत झाली. मदर आग्नेसनी आम्हाला आठ वर्षं एकच गोष्ट शिकवली: काहीही होवो, खोटं बोलायचं नाही. मी आजवर बोललेले नाही. स्पष्ट सांगितलं, दोन्हीसाठी, पण मुख्यतः मारण्यासाठी.

हवालदार म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या घरीच."

९ मार्च, शुक्रवार.

चार दिवस उन्हातून बिनछत्रीची हिंडते आहे. नाकाचं साल निघालं. सखुबाई म्हणाली, उन्हाला हाय असं सांगायला काय होतं? तिला म्हटलं, तत्त्व नावाची एक गोष्ट असते. ती म्हणाली, "ती डोक्यावं धर मग."

ठाण्याला कलेक्टरसाहेबांना पत्र पाठवलं. छत्री या वस्तूची व्याख्या मागितली आहे. चार पानं.

१२ मार्च, सोमवार.

मार्ग सापडला! बाळगायचं नाही, म्हणजे अंगावर नको. पण घरात कोनाड्यात, दारामागे ठेवलं, तर ते लपवलेलं हत्यार. लपवतो तो गुन्हेगार. तेव्हा अंगावरही नाही आणि लपवलेलंही नाही अशी जागा एकच, माझा ओटा. सगळी हत्यारं ओट्यावर भिंतीला टेकून नीट मांडली, लेबलं रस्त्याकडे तोंड करून. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे की ही बाई काही लपवत नाही. चोरांनाही दिसेल. एका दगडात दोन्ही कामं.

मुसळ, काठी, दांडे, छत्री, स्टिक. शिवाय मोडकी आरामखुर्ची (तिचा एक हात सुटा आहे, 'सिंपल हर्ट'). मोठी दिमाखदार रास झाली.

१६ मार्च, शुक्रवार.

सखुबाई आली, ओट्यासमोर उभी राहिली आणि कपाळाला हात लावला. "बाय, हे काय केलंस? लाकूड आत घे. होली आयली."

होळीचा आणि याचा संबंध काय? तर म्हणे होळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत ओट्यावर, अंगणात जे लाकूड उघडं पडलेलं असेल ते होळीचं. गावकरी येतात आणि उचलून नेतात. कोणी तक्रार करत नाही. गेल्या वर्षी पाटलाच्या गाडीचं जू गेलं. पाटील होळीला नारळ घेऊन आला आणि स्वतःचंच जू जळताना हसत उभा राहिला.

मी तिला कलम ३७९ समजावलं. मालकाच्या संमतीशिवाय वस्तू हलवली की चोरी. तीन वर्षं सक्तमजुरी. ती म्हणाली, "होलीच्या लाकडाला चोरी नाय बोलत, बाय."

म्हटलं, तुम्ही काय बोलता याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. चोरी ती चोरीच. पाटलाने फिर्याद करायला हवी होती.

ती गवत कापायला गेली. कोयता कमरेला. तो मी हत्यारांत धरलेला नाही. हत्याराला उद्देश लागतो, आणि सखुबाईला गवतापलीकडे उद्देश नाही.

२० मार्च, मंगळवार.

गावकरी ढोल वाजवत आले. पुढे धाकू. उंच, काळाशार, पायाला मिठाने भेगा पडलेल्या. "बाय, होलीला काय?" म्हणाला. नजर माझ्या राशीवर. मी ओट्याच्या पायरीवर उभी राहून त्यांना दहा मिनिटं समजावलं. मागितलंत तर देईन, न विचारता हात लावलात तर तीन वर्षं. आणि परसातले पेरूचे दोन वाळके फाटे दिले.

धाकू फाट्यांकडे बघून म्हणाला, "याच्यावं तर मांजर बी शेकनार नाय."

सगळे हसले. हसू दे. कायदा हसत नसतो.

सहा दिवस राहिले. घरातली सुईसुद्धा गेलेली नाही. चित्राला कार्ड टाकलं: 'येताना परतीचं तिकीट काढूनच ये.'

२३ मार्च, शुक्रवार.

हवालदार पाणी प्यायला म्हणून थांबले. ओट्यावरची रास पाहिली. लेबलांवर काय लिहिलंय विचारलं. मी एकेक वाचून मराठीत अर्थ सांगितला. 'साधी दुखापत.' 'जबर दुखापत.' स्टिकपाशी आल्यावर 'जीव घेण्याचा हक्क' असं सांगितलं. मला वाटलं प्रभावित होतील. त्यांनी पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

म्हणाले, "बाई, तुमी हे स्वतःच्या हातानं लिवलंय?" अर्थात. "आनि रस्त्याला तोंड करून?" अर्थात. मग हळू आवाजात म्हणाले, रविवारी संध्याकाळी कल्याणचे फौजदारसाहेब फेरीवर आहेत. त्यांना इंग्रजी वाचता येतं. हुकमात जमवणं पण आलं. खटला होईल. हे सगळं आत घ्या.

मी म्हटलं, लपवणार नाही. माझ्या बचावाचा हक्क आहे, कलम ९६ ते १०३.

"मधलं नव्व्यान्नव वाचलंय का?"

तिथे वाळवी होती.

त्यांनी सायकलच्या पिशवीतून कायद्याचं मराठी पुस्तक काढलं. ९९: सरकारी अधिकाऱ्यांकडे दाद मागण्याइतका वेळ हाताशी असेल, तर स्वतःच्या बचावाचा हक्क पोचत नाही. आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही.

म्हणजे सहा आठवडे मी जे पाठ केलं ते अर्धंच होतं. बारा आणेसुद्धा जास्तच पडले.

पण कायदा तो कायदा. हातात वेळ आहे, तर दाद मागितलीच पाहिजे. हवालदार म्हणाले, "रविवारी दुपारी तीनला चौकीवर या. राशीला पोलीस संरक्षण मागायचा अर्ज लिहून घेतो. निवांत बसू." समजूतदार माणूस.

२५ मार्च, रविवार. दुपारी २.

निघते आहे. नेसले निळी जरीकाठी. हातात काही नाही.

संध्याकाळी ७.

शांतपणे लिहायचं आहे.

चौकीवर सव्वादोन तास गेले. हवालदारांनी दोनदा चहा मागवला. माझा प्रत्येक मुद्दा पुन्हा विचारून हळूहळू लिहून घेतला. मध्येच टाक मोडला, तर नवीन शोधायला पाव तास. इतक्या बारकाईने माझं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

परत आले. ओटा स्वच्छ. झाडलेला. काठी नाही, मुसळ नाही, छत्री नाही, खुर्ची नाही, स्टिक नाही. सहा आठवडे राखलेला सगळा दारूगोळा भर दिवसा गेला, आणि तोही मी त्याच्या संरक्षणाचा अर्ज देत असताना.

उद्या दहाच्या गाडीने चित्रा येते.

तशीच कोपरला गेले. आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याने पळाले. मदर म्हणायच्या, लेडी कधी पळत नाही. गावाच्या माळावर होळी रचून तयार होती. मध्ये भेंडीच्या झाडाचं उंच खोड, भोवती लाकडं, आणि वर अगदी टोकाशी माझी हॉकी स्टिक. खाली मच्छरदाणीचे दांडे. धाकू बाजूला बिडी ओढत बसला होता.

म्हटलं, आत्ताच्या आत्ता सगळं काढ. तो उठून उभा राहिला. म्हणाला, "बाय, होलीत गेलेलं माघारी नाय येत. कोन काढनार नाय. तुला काढाचं तर काढ. तुला बी कोन अडवनार नाय."

आणि खरंच सगळे बाजूला झाले. वाट करून दिली. बायका डोक्यावरचे पदर सावरून बघत राहिल्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. होळी माझ्या दुप्पट उंच. मी खालचा एक दांडा धरून ओढला. तो हललाही नाही.

चौकीवर जाऊन चोरीची वर्दी दिली. हवालदारांचा चेहरा पडला. म्हणाले, उद्या सकाळी अकराला घरी येतो, यादी करू.

पुण्यातली ती खोली मी एकदा पाहिली आहे. खिडकी शेजाऱ्यांच्या मोरीवर उघडते.

२६ मार्च, सोमवार. होळी. दुपारी १.

चित्रा दहाला आली. बरोबर जावईबापू. आल्या आल्या ओट्यावरून हात फिरवून म्हणाली, "अगं मावशी, किती छान मोकळं ठेवलंयस!" करार तिच्या पर्समध्ये होता. माझा माझ्या उशीखाली.

अकराला हवालदार. काखेत वही. चित्रा उठून उभी. "मावशी, पोलीस कशाला?"

हवालदार ओट्यावर टेकले. म्हणाले, "बाई, काय काय गेलं ते यादीवार सांगा. मी हे वर पाठवनार. फौजदारसाहेब वाचनार. नग किती, कशासाठी ठेवले होते, सगळं. तुमी सांगाल ते खरं." आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिले.

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं, स्विचबोर्डावर सगळे दिवे एकदम लागावेत तसं. चोरी म्हटलं, की घर गेलं. यादी दिली, की हुकूम मोडून जमवलेली हत्यारं माझी, अक्षर माझं, खटला माझ्यावर. दोन्ही बाजूंनी माझ्याच कलमांनी मला धरलं होतं.

चित्रा म्हणाली, "बोल ना मावशी. काय चोरीला गेलं?"

सत्तावन्न वर्षं. मदर, मला क्षमा करा.

म्हटलं, "चोरीला काही गेलं नाही. गावकऱ्यांना होळीसाठी मी दिलं. माझ्या खुशीने. काल उन्हाने डोकं फिरलं होतं म्हणून वर्दी दिली."

हवालदारांनी मोठा श्वास सोडला. "काय दिलं म्हनून लिहू?"

बाबांची काठी. मुसळ. स्टिक.

"सरपण," मी म्हटलं.

"किती?"

"अंदाजे एक मण."

"सरपण, अंदाजे एक मण," त्यांनी लिहिलं आणि सही घेतली. माझी सही थोडी वाकडी आली.

जावईबापू म्हणाले, वा, मावशी सणात भाग घेतात, छान आहे. चित्रा मात्र बराच वेळ माझ्या सोललेल्या नाकाकडे बघत होती.

रात्री ८.

माणसाने स्वखुशीने लाकूड दिलं की होळीला जावं लागतं. सखुबाई बोलवायला आली. सकाळी पुरण तिनेच शिजवलं होतं, नैवेद्यही तिनेच बांधून दिला. माळावर पोचलो तर धाकूने हाळी दिली, "ताम्हणेबायचं लाकूड! औंदा सगल्यांत जास्ती!" ढोल वाजले. माझ्या हातात नारळ दिला. मी तो होळीला वाहिला आणि इतर बायकांसारखी प्रदक्षिणा घातली. चित्रा मागून चालत होती.

स्टिक सगळ्यांत वर असल्यामुळे शेवटी पेटली. चाळीस वर्षांचं तेल पाजलेलं लाकूड. फार चांगली जळली. गावातल्या लोकांनीही तसं म्हटलं.

चित्राने माझा हात धरला होता. "मावशी, ती तुझी कॉन्व्हेंटची ना?" म्हटलं, जुनी झाली होती. ती म्हणाली, "तू दिलीस?" म्हटलं, हो.

दिवसभरात दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

२७ मार्च, मंगळवार.

चित्रा आणि जावईबापू दुपारच्या गाडीने गेले. जाण्यापूर्वी चित्राने पर्समधला करार काढून माझ्यासमोर फाडला. जिंकले. पूर्ण, निर्विवाद. घर माझं, पेरू माझे. त्याआधी ती विहिरीपाशी सखुबाईशी बराच वेळ काहीतरी बोलत होती. काय ते विचारलं नाही. विजेत्याने मोठ्या मनाने वागावं.

सकाळी सखुबाईने होळीच्या निखाऱ्यांवर तापवलेलं पाणी आणून आंघोळीला दिलं. उसण बरीच कमी झाली. धाकूने राखेतून निघालेलं माझं सामान आणून दिलं: छत्रीच्या आठ तारा आणि बाबांच्या काठीची पितळी टोपी. अगदी प्रामाणिक माणूस. कोळसा झालेलं मुसळही आणणार होता म्हणे, पण उचलताना मोडलं.

मी सखुबाईला सहज म्हटलं, नेमकी मी चौकीवर असतानाच त्यांना वेळ कशी साधली? ती भांडी घासत म्हणाली, "हवालदारच बोलला धाकूला. फौजदार ती कागदं वाचंल तं बायला कल्यानला नेतील. मी बायला पाच वाजेस्तवर चाय पाजतो, तुमी सगलं उचला. आमी उचललं. फौजदार सवापाचला आयला. ओटा बघून गेला."

दोन चहा. मोडलेला टाक.

यावर आज काही लिहायचं नाही.

ठाण्याहून कलेक्टरकचेरीचं उत्तर आलं. 'आपला छत्रीविषयक अर्ज संबंधित खात्याकडे पाठवण्यात आला आहे.' फाइल केलं.

संध्याकाळी साडेसात.

धाकू मिठाच्या हंगामात रात्री मिठागरावरच असतो. त्यामुळे सखुबाईला घरी एकटीला झोपायची भीती वाटते म्हणे. आजपासूनच वाटू लागली. कोणाच्या भीतीला हसू नये. मी तिला माझ्या ओट्यावर झोपायची परवानगी दिली. तिला तेवढाच माझा आधार.

आत्ता तिने वाकळ पसरली आणि उशाखाली कोयता सरकवला. मी म्हटलं, हुकूम महिनाअखेरपर्यंत आहे, ओटा रस्त्याला लागून आहे, कोणी विचारलं की हा कोयता कशासाठी, तर काय सांगशील?

"गवत," ती म्हणाली.

क्षणभरही विचार करावा लागला नाही तिला.

मी दाराला आतून कडी घालायला गेले, तर बाहेरून म्हणाली, "नको लावू बाय, वारा येऊं दे. मी हाय ना."

लावली नाही. आता जरा डोळे मिटून विचार करणार आहे.